साष्टीतले नवे पुराण

मागणी श्रोत्याकडून आली, आणि ग्रंथकर्त्याने ती ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात नोंदवून ठेवली. गोव्यातल्या साष्टीत पाद्री पोरांना ख्रिस्ती धर्माचे पाठ देत होता. ऐकणाऱ्यांतला एक ब्राह्मण म्हणाला, हे सगळे ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण का करून देत नाही?

मागणी रास्त होती. पुराणाला बसण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. दिवेलागणीनंतर कुणीतरी पोथी सोडायची, ओवी वाचायची, अर्थ सांगायचा, कुणी मध्येच शंका काढायची. बाप्तिस्मा घेतला म्हणून ही भूक जात नाही. तिच्या जागी पाद्र्यांनी प्रश्नोत्तरांची एक छोटी पोथी दिली होती. देव किती? एक. त्यात व्यक्ती किती? तीन. अशाने संध्याकाळ सरत नाही.

त्या ब्राह्मणाला जे उत्तर मिळाले ते १०,९६२ ओव्यांचे भरले. १६१६ साली साष्टीतल्या रायतूर इथे, म्हणजे पोर्तुगीज ज्याला राशोल म्हणतात तिथे, ते छापून झाले. मुखपृष्ठावरचे पोर्तुगीज नाव लांबलचक होते. त्याचा सरळ अर्थ: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण, दोन भागांत. लोकांनी ते नाव बाजूला ठेवले आणि ‘ख्रिस्तपुराण’ म्हणायला लागले. पण मूळ नावात ग्रंथाचा सगळा खटाटोप आहे. तारणारा जगात आला, हे सांगायला एक ओवी पुरली असती. कशाला आला, हे सांगायला उरलेल्या लागल्या.

लिहिणारा पोर्तुगीज नव्हता, इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स, जन्म १५४९ च्या आसपासचा, गाव विल्टशर परगण्यातले बुशटन. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे म्हणजे जिवावरचे काम. त्याचा मित्र थॉमस पाउंड याच पायी पकडला गेला आणि पुढची तीसेक वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरला. स्टीफन्स निसटला, रोमला पोचला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून त्याचे जहाज सुटले. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. पोचल्यावर तीन आठवड्यांच्या आतच त्याने बापाला प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. हॅक्लूटने ते पुढे आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले आणि पूर्वेकडे डोळे लावून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ते वाचले. १५८३ च्या अखेरीस इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती हेर समजून पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी खटपट करणाऱ्यांत हाच पाद्री होता. धर्माने ते परके, भाषेने घरचे. भाषेचे त्याला वेडच होते. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनच्या घडणीसारखी असल्याचे लिहिले. विल्यम जोन्सने हेच कलकत्त्यात सांगितले त्याच्या दोनशे वर्षे आधी.

इथली चाळीस वर्षे त्याने बहुतेक साष्टीत काढली. त्या साष्टीत तेव्हा काय चालले होते, हे बाजूला ठेवून त्याचे पुराण वाचता येत नाही.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, सुरू झाले. १५६७ च्या सुमारास रायतूरच्या किल्लेदाराने साष्टीतली देवळे पाडायला आणि जाळायला घेतली. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज आपण बसने जाऊन ज्या देवळांत नारळ फोडतो, ती बरीचशी त्या पळापळीनंतर वसलेली आहेत. देवांबरोबर जे गेले ते गेले. राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी जमीन, गावकी आणि घर राखण्यासाठी पाणी घेतले. पुराण मागणारा तो ब्राह्मण असल्याच राहिलेल्यांच्या जगातला.

स्टीफन्स येऊन चार वर्षे होत होती तेव्हाची कुंकळ्ळीची गोष्ट गोव्यात अजून दोन तऱ्हेने सांगतात. कुंकळ्ळी, असोळणा, वेरोडा या गावांनी पोर्तुगीजांना दाद द्यायची नाही असे ठरवले होते. त्यांची देवळे एकदा जाळली, लोकांनी पुन्हा उभी केली, पुन्हा जाळली. दुसऱ्या मोहिमेबरोबर जेझुइट पाद्रीही होते. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट इगर्जीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जागा पाहायला कुंकळ्ळीत आले, तेव्हा गावाने त्यांना ठार मारले. त्यांच्यासोबत काही ख्रिस्ती गावकरीही मेले. पाचांपैकी रोदोल्फो आक्वाव्हिवा हा इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा. अकबराच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारात मौलवींशी वाद घालून तो नुकताच परतला होता. प्रेते विहिरीत टाकलेली होती. ती मिळवून पुरण्याची व्यवस्था करणे स्टीफन्सच्या वाट्याला आले. पुढे गावांच्या सोळा पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि आत घेऊन कापले. एकाने साळ नदीत उडी घेतली, तो वाचला. रोमने १८९३ मध्ये पाच पाद्र्यांना धन्य घोषित केले. कुंकळ्ळीत आज त्या पुढाऱ्यांचेही स्मारक आहे.

स्टीफन्सने या सगळ्याकडे कसे पाहिले असेल? त्याच्या देशात त्याच्याच संघाचा एडमंड कॅम्पियन १५८१ मध्ये फाशी गेला होता, गुन्हा काय तर राज्याच्या धर्माबाहेरचा धर्म सांगत फिरणे. इथे स्टीफन्स राज्याच्या बाजूला उभा होता. ही गाठ त्याने कुठे सोडवलेली मला दिसत नाही. कदाचित त्याला ती गाठ वाटलीच नसेल. त्या काळच्या माणसाला खोट्या धर्मासाठी मरणे आणि खऱ्या धर्मासाठी मरणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपण साडेचारशे वर्षांनी त्याच्या खुर्चीत बसून न्याय करू नये. पण विसरूही नये.

आता खरी अडचण. रामाचा अवतार रावणासाठी, कृष्णाचा कंसासाठी, नृसिंहाचा हिरण्यकशिपूसाठी. साष्टीच्या श्रोत्याला अवताराचे काम लहानपणापासून माहीत. पृथ्वीला भार होतो, ती गाईच्या रूपाने रडत जाते, देव येतो, मारतो, निजधामाला परत जातो. हिशेब स्वच्छ. आणि हा पाद्री काय सांगतो? आमचा तारणारा आला, त्याने कुणालाही मारले नाही, उलट सुभेदाराच्या शिपायांनी त्यालाच धरले, फटके मारले, दोन चोरांच्या मध्ये लाकडावर खिळले, आणि तो मेला. इथवर ऐकून कुणीही म्हणेल, अरेरे, काम अर्धवट राहिले. पाद्री म्हणतो, नाही, हेच काम होते.

हे पटवणे खुद्द ख्रिस्ती पंडितांनाही सोपे गेलेले नाही. देव माणूस का झाला याचा वाद हजार वर्षे चालला. जुन्या आचार्यांपैकी पुष्कळांचे म्हणणे असे की पापामुळे माणूस सैतानाकडे गहाण पडला होता आणि ख्रिस्ताने स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवून आणले. ऐकायला छान, पण त्यात सैतान सावकार होतो आणि देव त्याचा देणेकरी. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म याने नेमके इथे बोट ठेवले. राजाशी भांडून तो इटलीत परागंदा झाला होता, तिथेच त्याने आपला ग्रंथ पुरा केला. ग्रंथाचे नावच एक प्रश्न आहे: देव माणूस का झाला? त्याचे उत्तर थोडक्यात असे. ऋण सैतानाचे नाहीच, देवाचे आहे. माणसाने देवाचा मान मोडला, म्हणून फेड माणसानेच करायला हवी. पण माणसाजवळ जे काही आहे ते आधीच देवाचे, मग फेडणार कशातून? फेडण्याची ऐपत एकट्या देवाची. ज्याने फेडायला हवे त्याला जमत नाही आणि ज्याला जमते त्याच्यावर ऋण नाही. म्हणून फेडणारा एकाच वेळी देवही हवा आणि माणूसही. आबेलार्डसारख्या पंडितांना हा सावकारी हिशेब रुचला नाही. त्यांच्या मते ख्रिस्त आला तो देवाचे प्रेम दाखवून माणसाचे मन वळवायला. स्टीफन्स शिकला त्या काळात रोमन चर्चच्या शिकवणीत आन्सेल्मचे वजन मोठे होते.

ऋण हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावावा लागत नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो. पण एक फरक होता आणि तो लहान नव्हता. कर्माच्या हिशेबात ज्याचे खाते त्याने फेडायचे, या जन्मी नाही तर पुढल्या. इथे आदामाने फळ खाल्ले आणि साष्टीतल्या शेतकऱ्याचे तान्हे मूलही त्याच्या वाट्याचे धरले गेले. पुढला जन्म नाही, दुसरी संधी नाही. हे आधी पटल्याशिवाय तारणाऱ्याची गरजच उभी राहत नाही. आपल्याला रोग आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो वैद्याच्या दारात कशाला जाईल?

म्हणून स्टीफन्सने पुराणाचे दोन भाग केले. ‘पैलें पुराण’ ३६ अवस्वरूंचे, ४,२९६ ओव्यांचे; अवस्वरू म्हणजे अध्याय. या साऱ्यात ख्रिस्त जन्माला येत नाही. सृष्टीची रचना, देवदूतांचे बंड, आदाम आणि एवा, जलप्रलय, आब्राहाम, इजिप्तची दास्यकथा, मोझेस, दावीद राजा, मग एकामागून एक भविष्य सांगणारे संदेष्टे. वाट पाहणे, वाट चुकणे आणि पुन्हा वाट पाहणे. ख्रिस्ताचे चरित्र ‘दुसरें पुराण’मध्ये, ५९ अवस्वरूंत आणि ६,६६६ ओव्यांत.

चार हजार ओव्या नायकाशिवाय काढणे ही युरोपीय वाचकाच्या दृष्टीने चूक ठरली असती. साष्टीच्या श्रोत्याच्या दृष्टीने मुळीच नाही. भागवतात कृष्ण दहाव्या स्कंधात जन्मतो. त्याआधी नऊ स्कंध राजांच्या वंशावळी, शाप, तप, प्रलय. पुराणाचा श्रोता घाईत नसतो. देव किती उशिरा येतो यावरून तो त्याचे मोल जाणतो. स्टीफन्सने हे ओळखले, आणि माझ्या मते त्याची खरी प्रतिभा इथे आहे. त्याच्या उपमांची वाहवा सगळेच करतात. मराठीची थोरवी गाताना त्याने रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, ग्रह यांची जी आरास मांडली ती शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचली आहे. पण भाषा सुंदर आहे हे सांगणारे पुष्कळ असतात. परक्या श्रोत्याची बैठक ओळखून आपल्या धर्मातला सर्वांत अवघड सिद्धान्त तिच्या मापाने बेतणारा विरळा.

त्याने पुराणाची रीत सगळी सांभाळली. आरंभी देवाला नमन, मग ग्रंथाचे कारण, मग कथा. मध्ये श्रोते शंका विचारतात आणि ‘पाद्री गुरु’ उत्तर देतो. स्वर्गाला शब्द वैकुंठ, मोक्षाला मुक्ती, तारणाऱ्याला तारक. संस्कृत-प्राकृतातले हे जुने शब्द त्याने निःसंकोच वापरले. त्याच सुमारास दक्षिणेत मदुरेला रॉबेर्तो दे नोबिली संन्याशाची वस्त्रे घालून, शेंडी-जानव्याची परवानगी मागत होता आणि चर्चमध्ये त्यावरून रण माजले होते. स्टीफन्सने वेष बदलला नाही, शब्दांना हात घातला. शब्दांवरून फारसे कुणी भांडले नाही. खरे तर शब्दच जास्त धोक्याचे. वैकुंठ म्हटले की विष्णूला बाहेर कसे ठेवणार? ओवी वाचणाऱ्याच्या मनात कोण उभा राहिला असेल, हे ना इन्क्विझिशनला तपासता आले असते ना स्टीफन्सला.

भाषा मात्र मराठीच का? घरात, बाजारात, शेतात साष्टीचा माणूस कोंकणी बोलत होता आणि स्टीफन्सला कोंकणी उत्तम येत होती. त्याने तिचे व्याकरण लिहिले. ते त्याच्या मागे, दियोगो रिबेरोच्या भरीसह, १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानतात. प्रश्नोत्तरांची ख्रिस्ती पोथीही त्याने कोंकणीत केली. तीही तो गेल्यावर, १६२२ मध्ये निघाली. पण पुराण म्हणजे मराठी ओवी, ही त्या प्रांताची समजूत होती. पोथी मराठी, बोलणे कोंकणी. त्याने तसेच केले आणि सामान्यांना कळावे म्हणून जुन्या कवींचे जड शब्द टाळून साष्टीच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. पुढे गोव्यात मराठी आणि कोंकणीचा जो झगडा पेटला त्यात दोन्ही पक्षांनी स्टीफन्सला आपला साक्षीदार म्हणून उभे केले. दोघांचेही अर्धे खरे आहे.

काळाचा योग पाहण्यासारखा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करत होते. कुंकळ्ळीची प्रेते पुरून वर्ष उलटत होते, आणि साष्टीतला इंग्रज याच भाषेची अक्षरे गिरवत होता. १६०८ मध्ये देहूला तुकोबा जन्मले. त्याच वर्षी स्टीफन्सने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखाला पत्र पाठवले. इकडच्या भाषेत आणि इकडच्या लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत अशी फार वर्षांची इच्छा असल्याचे त्याने कळवले. अडचण साच्यांची. युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, इथे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून सहाशे साचे लागतील असा अंदाज होता. तो आकडा खूप खाली आणता येईल असे त्याचे म्हणणे. साचे काही झाले नाहीत. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण देवनागरी खिळे त्याला मिळाले नाहीत. अखेर ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले. मराठी ओवी, पोर्तुगीज वळणाची अक्षरे.

त्या मुखपृष्ठावर तारणाऱ्याच्या येण्याचे नाव होते आणि खाली पवित्र इन्क्विझिशनच्या परवान्याची ओळ होती. फटके खाऊन मेलेल्या देवाची कथा, फटके मारणाऱ्यांच्या संमतीने. स्टीफन्सला बोल लावून यातून सुटका नाही. परवान्याशिवाय ओवीच छापली गेली नसती.

पुराण निघाल्यावर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स गोव्यातच वारला. तारुण्यात सोडलेले इंग्लंड त्याला पुन्हा दिसले नाही. पुराण मात्र चालले. रविवारी आणि सणाला इगर्जीत मिस्सा झाली की लोक बसत आणि कुणीतरी चालीवर वाचे. १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने संत पेद्रूचे पुराण मराठीत रचले. मग हवा फिरली. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे. ज्या सत्तेच्या सावलीत पुराण जन्मले, तिला आता पुराणाची भाषाच नको होती. लोकांनी ती सोडली नाही. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या हस्तप्रती बरोबर नेल्या आणि मुलांना ओव्या शिकवल्या.

म्हणूनच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांना मंगळूरला हस्तप्रती जुळवून ते रोमन लिपीत पुन्हा छापता आले. नंतर जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकी मिशनऱ्याला लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तप्रत सापडली. हीच मूळ लिपीतली प्रत, असे त्याचे मत पडले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली, आणि तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाला हे पुराण आपल्या अक्षरांत पाहायला मिळाले. एव्हाना रेव्हरंड टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहून लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेही होते. टिळक गेले १९१९ मध्ये, स्टीफन्सनंतर बरोबर तीनशे वर्षांनी.

एक गोष्ट मात्र अजून राहिली आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही. आपण वाचतो ते सगळे हस्तप्रतींवरून. तेव्हा साष्टी, बारदेश, वसई किंवा मंगळूर भागात तुमचे जुने घर असेल, माळ्यावर पेटारा असेल आणि त्यात वाळवीने खाल्लेली, रोमन अक्षरांतली पण वाचताना कानाला मराठी लागणारी एखादी चोपडी निघाली, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. आधी कुणा जाणत्याला दाखवा.